खासगी संग्रह आणि सार्वजनिक दान : पैठण व तेर येथील संग्रहालयांच्या निमित्ताने

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर गोदावरी आहे आणि तिच्या पलीकडच्या तीरावर पैठण, म्हणजेच सातवाहनांचे प्रतिष्ठान. जिल्ह्याच्या दक्षिणेस, धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात, तेरणेच्या काठी तेर आहे. हेच प्राचीन तगर, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून तगर आणखी दहा दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. नकाशावर पैठणहून तेरपर्यंत रेघ ओढली तर ती गेवराई, बीड, केज या भागांतूनच जाते. बीड जिल्ह्यात अजिंठा किंवा पितळखोरे यांसारखे नावाजलेले बौद्ध लेणे नाही. त्यामुळे ‘आपल्याकडे काय आहे?’ असा प्रश्न आपले उपासक अनेकदा विचारतात. परंतु त्या दहा दिवसांच्या वाटेचा मोठा हिस्सा आपल्याच पायांखाली असला पाहिजे, आणि त्या वाटेच्या दोन्ही टोकांना आज राज्य शासनाची वस्तुसंग्रहालये उभी आहेत.

या दोन संग्रहालयांची नावे लक्षात घेण्याजोगी आहेत. पैठणच्या संग्रहालयाला कै. बाळासाहेब पाटील यांचे नाव आहे. तेरच्या संग्रहालयाला कै. रामलिंगप्पा लामतुरे यांचे. दोघेही त्या त्या गावचे रहिवासी. दोघांनीही आपल्या गावाच्या मातीतून वर येणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि पुढे हे खासगी संग्रह सार्वजनिक झाले. अशा दानांविषयी आपल्याकडे बहुधा गौरवपर लिहिले जाते. तो गौरव यथार्थच आहे. तथापि दान ही बौद्ध परंपरेत नुसती औदार्याची गोष्ट नाही. ते कोणाला द्यावे, कशासह द्यावे आणि दिल्यानंतर त्या वस्तूचे काय व्हावे, याचा सूक्ष्म विचार या परंपरेने केलेला आहे. त्या विचाराच्या उजेडात आधुनिक काळातील संग्रहदानाची तपासणी करावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मज्झिमनिकायातील दक्खिणाविभंगसुत्ताचा प्रसंग आपल्या वाचकांना परिचित असेल. महापजापती गोतमी स्वतः सूत कातून, स्वतः विणून नव्या वस्त्रांची जोडी तथागतांसाठी घेऊन येतात. तथागत त्यांना ती वस्त्रे संघाला देण्यास सांगतात. गोतमी पुन्हा पुन्हा विनवतात. उत्तर तेच राहते. संघाला दिले म्हणजे मलाही दिले आणि संघालाही दिले, असा त्याचा आशय. पुढे याच सुत्तात व्यक्तीला दिलेल्या दानापेक्षा संघाला दिलेले दान श्रेष्ठ ठरवले आहे. येथे दात्याची माया लहान ठरविलेली नाही. ज्या हातात वस्तू जाते तो हात एका माणसाबरोबर संपू नये, ही दक्षता घेतलेली आहे. एका घरातून सर्वांच्या मालकीत जाणाऱ्या संग्रहाला याहून जवळचा आधार सुत्तपिटकात शोधूनही सापडणार नाही.

हा विचार महाराष्ट्राच्या दगडावर कोरला गेला. लेण्यांतील शिलालेखांत ‘देयधम्म’ हा शब्द वारंवार येतो. दात्याचे नाव, त्याचे गाव, त्याचा व्यवसाय आणि दिलेली वस्तू, मग ते अखंड लेणे असो की एकच खांब, एवढे त्यात नोंदलेले असते. पितळखोऱ्याच्या खांबांवर पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाचे, म्हणजे अत्तराच्या व्यापाऱ्याचे, नाव आहे. पैठणच्याच संघकाच्या पुत्रांचेही आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे तेव्हाचे भोगवर्धन, येथील दात्यांची नावे पार सांचीच्या स्तूपावर आहेत. मराठवाड्यातील माणसे दोन हजार वर्षांपूर्वी कोठे कोठे दान देत होती, हे आपल्याला राजांच्या वंशावळींतून कळलेले नाही. ते या ओळी-दोन ओळींच्या नोंदींतून कळले.

नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील उषवदाताचा लेख तर आजच्या कोणत्याही दानपत्राने पुढ्यात ठेवावा असा आहे. उषवदाताने लेणे चारी दिशांच्या भिक्खुसंघाला दिले. तेवढ्यावर तो थांबला नाही. त्यासोबत तीन हजार कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ दिली. त्यांपैकी दोन हजार गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि एक हजार विणकरांच्या दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले. मुद्दल कधीही परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणांचे चीवर मिळावे, अशी व्यवस्था केली. हे सर्व निगमसभेत ऐकवून नोंदविले. (याच उषवदाताने ब्राह्मणांना तीन लक्ष गायी दिल्याचाही उल्लेख लेखांत आहे, त्याला सरसकट बौद्ध उपासक ठरविण्याची घाई करू नये.) वस्तू दिली आणि तिच्या निगराणीची तजवीजही दिली, हा या लेखाचा गाभा आहे.

तिसरी गोष्ट विनयाची. चुल्लवग्गातील सेनासनक्खंधकात पाच वर्गांतील वस्तू ‘अविस्सज्जिय’ म्हणजे देऊन न टाकण्याजोग्या सांगितल्या आहेत. आराम व त्याची जागा, विहार व त्याची जागा यांबरोबर मंचक, पीठ, गादी, उशी, धातूची भांडी, कुऱ्हाड, कुदळ, इतकेच काय लाकडी आणि मातीची भांडीही या यादीत आहेत. त्या कोणी भिक्खूने, गणाने किंवा प्रत्यक्ष संघाने देऊन टाकल्या तरी त्या दिल्या गेल्या असे होत नाही. संग्रहालयातील वस्तू विकू नये, हा नियम युरोपातील संग्रहालयांनी अलीकडच्या काळात मोठ्या वादांनंतर स्वीकारला. आपल्याकडे तो मातीच्या मडक्यापर्यंत आधीच पोहोचला होता.

आता तेरकडे वळू. लामतुरे यांच्या संग्रहाचे महत्त्व पहिल्यांदा जगापुढे आले ते मुख्यत्वे ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० साली मुंबईहून प्रसिद्ध केलेल्या छोट्या ग्रंथामुळे. आज या संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. भाजलेल्या मातीच्या मूर्ती, केओलिन या पांढऱ्या मातीच्या साच्यातून काढलेल्या नाजूक प्रतिमा, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, रोमन धाटणीचे दिवे आणि सर्वांत प्रसिद्ध म्हणजे हस्तिदंताची स्त्रीमूर्ती. इटलीतील पॉम्पेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तेरच्या मूर्तीचे साम्य इतके आहे की दोन्ही एकाच कारागिरीच्या परंपरेतील मानल्या जातात. भोकरदनच्या १९७३ सालच्या उत्खननातही या जातीचे हस्तिदंती काम मिळाले.

हा संग्रह तेरमध्येच राहिला, हे त्या दानाचे पहिले मोठेपण. अशा वस्तूंना मुंबईत, लंडनमध्ये गिऱ्हाईक होते. मूर्ती एकीकडे, नाणी दुसरीकडे, मणी तिसरीकडे अशी वाटणी होऊन संग्रह फुटणे हेच त्या काळात सर्वसामान्य होते. रामलिंगप्पांनी तो फुटू दिला नाही. गावात सापडलेले गावातच, एका छपराखाली राहिले. शाळेतला मुलगा आपल्या गावच्या पांढरीतून निघालेली बाहुली आपल्याच गावात पाहू शकतो, ही सोय देशात फार थोड्या खेड्यांना आहे. संत गोरोबा कुंभाराच्या गावी मातीच्या मूर्तींचा एवढा साठा असावा, हाही एक सुंदर योग आहे. गोरोबांच्या समाधीला येणारा वारकरी त्या संग्रहालयातही शिरावा, असे वाटते.

परंतु या संग्रहाविषयी जे लिहिले जाते त्याचा तोल मला नेहमी एका बाजूला कललेला दिसतो. तेर म्हटले की रोम आले, पॉम्पेई आले, समुद्रापारचा व्यापार आला. लेखकाची नजर तेरच्या पांढरीवरून थेट भूमध्य सागरावर जाते. मधली वाट, म्हणजे पैठण, भोकरदन आणि आपला बीडचा मुलूख, तिला दिसत नाही. तेरच्या उत्खननांत विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. गावातील त्रिविक्रम मंदिर विटांचे असून त्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार आहे आणि छत लेण्यांतील चैत्यगृहांप्रमाणे गजपृष्ठाकार आहे. हेन्री कझिन्स यांनी पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असल्याचे मत मांडले. व्यापाऱ्यांचे तांडे ज्या नगरात उतरत, तेथे त्यांच्या दानावर चालणारा संघ होता. रोमचे दिवे आणि स्तूपाच्या विटा ही एकाच नगराची दोन अंगे आहेत. एकाचा डंका आणि दुसऱ्याचा तळटीपेत उल्लेख, ही वाटणी वस्तूंनी केलेली नाही. ती अभ्यासकांच्या आवडीने केली आहे.

तथापि आपल्या बाजूनेही एक पथ्य पाळावयास हवे. अर्धवर्तुळाकार वास्तू दिसली की ती बौद्धच, असे म्हणता येत नाही. त्या आकाराची ब्राह्मणी मंदिरेही बांधली गेली आहेत. हस्तिदंताची स्त्री यक्षी असेल, आरशाच्या मुठीवरची शोभा असेल. तिला महामाया म्हणण्यास आधार नाही. तेरच्या मातीच्या मूर्तींत शिर नसलेली, उकिडवी बसलेली मातृदेवताही आहे. तिला लज्जागौरी म्हणतात. ती कोणा भिक्खूची नव्हे, बाळंतपणातून सुखरूप सुटू पाहणाऱ्या बायाबापड्यांची आहे. आपला वारसा नाकारला गेला म्हणून आपण इतरांचा वारसा नाकारावा, हे बोधिसत्त्व बाबासाहेबांच्या संशोधनदृष्टीत बसत नाही. त्यांनी पुरावा आणि अनुमान यांतील सीमा आपल्या ग्रंथांत उघडपणे सांगितलेली आहे. तेरला बौद्ध नगर म्हणण्यासाठी स्तूप पुरेसा आहे. त्यासाठी प्रत्येक बाहुलीला साक्षीला ओढण्याची गरज नाही.

लामतुरे-संग्रहासारख्या सर्व दानांची खरी उणीव आणखी वेगळ्या ठिकाणी आहे. पांढरीवरून वेचलेल्या वस्तूला थर नसतो. उत्खननात सापडलेला मणी कितव्या थरात, कोणत्या नाण्याशेजारी, कोणत्या भिंतीलगत मिळाला हे लिहून ठेवता येते. पावसाळ्यानंतर धुपलेल्या मातीत चमकलेला मणी जो उचलतो, त्याच्याबरोबर ती जागा हरवते. आणि उचलतो कोण? पांढरीची माती घरांच्या धाब्यांसाठी, शेतात टाकण्यासाठी खणली जाते. ती खणणारे, पाटीने वाहणारे, खुरपायला गेलेल्या बाया, गुरामागची पोरे यांच्या हाताला या वस्तू लागतात. गावगाड्यात हे हात कोणाचे होते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको. संग्राहकाचे नाव दारावर येते, संशोधकाचे नाव ग्रंथावर येते. ज्याने वाकून वस्तू उचलली त्याचे नाव कोठेच येत नाही. हा दोष एका रामलिंगप्पांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. जगातील बहुतेक संग्रह असेच बनले आहेत. पण पितळखोऱ्याच्या एका खांबाच्या दात्याला जी नोंद मिळाली, ती या उचलणाऱ्यांना मिळाली नाही, हे म्हटल्याशिवाय दानाची चर्चा पुरी होत नाही.

पैठणच्या संग्रहाबद्दलही हेच बहुतांशी लागू आहे; फक्त तेथे संतांच्या आणि पैठणीच्या कीर्तीखाली सातवाहनांचे प्रतिष्ठान आणखी झाकले गेले आहे.

याउलट मोठ्या शहरांतील संग्रहदाने पाहावीत. सर रतन टाटा (मृत्यू १९१८) आणि सर दोराबजी टाटा (मृत्यू १९३२) या बंधूंचे संग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मिळाले. चीन-जपानच्या कलावस्तू तेथे सामान्य मुंबईकराला पाहावयास मिळतात त्या मुख्यत्वे या दोन घरांमुळे. सर रतन यांचे दुसरे एक दान मात्र मला अधिक मोलाचे वाटते. १९१३ पासून पाटलिपुत्राच्या उत्खननाला त्यांनी पैसा पुरविला. वस्तू विकत घेण्याऐवजी जागा वाचण्यासाठी दिलेले ते दान होते. बीड ज्या संस्थानात होते त्या हैदराबादेत तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, १९४९ साली वारल्यावर त्यांचा अफाट संग्रह दिवाण देवडीत १६ डिसेंबर १९५१ रोजी जनतेला खुला झाला. वारसांशी तडजोड होऊन तो राष्ट्राचा झाला आणि १९६१ साली संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. जहागिरीच्या उत्पन्नातून जमलेली ती संपत्ती. तरीही अक्षयनीवीचा प्रश्न तेथे सुटला, कारण निगराणीचा भार कायद्यानेच राज्यावर टाकला. खेड्यातील दानाला अशी अक्षयनीवी क्वचितच लाभते.

दान आणि विक्री यांतील अंतर किती पातळ होऊ शकते, हे २०२५ साली पिपरहव्याच्या रत्नांनी दाखविले. उत्तर प्रदेशातील पिपरहवा येथील स्तूप १८९८ साली विल्यम पेपे या जमीनदाराने खणला. आतील अस्थिकरंडकावर शाक्यांच्या बुद्धाच्या शरीरधातूंचा उल्लेख करणारा लेख होता. धातू सयामच्या राजाला देण्यात आले, करंडक आणि बहुतेक रत्ने कोलकात्याच्या संग्रहालयात गेली आणि उरलेली काही रत्ने ‘जादा’ म्हणून पेपे घराण्याकडे राहिली. सव्वाशे वर्षांनी ती हाँगकाँगच्या लिलावात ७ मे २०२५ रोजी निघणार होती. भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली, जगभरच्या बौद्धांनी आक्षेप घेतला आणि लिलाव थांबला. ३० जुलै २०२५ रोजी ती रत्ने गोदरेज उद्योगसमूहाने विकत घेऊन भारतात आली. त्यांतील मोठा भाग राष्ट्रीय संग्रहालयाकडे मुदतीच्या कराराने ठेवण्याचे जाहीर झाले. रत्ने परतली याचा आनंद कोणाला होणार नाही? पण तथागतांच्या धातूंसोबत पुरलेली वस्तू कोणाच्या तरी मालकीची असते, ती विकत घेता येते, मुदतीने ठेवता येते, हे सर्व गृहीत धरूनच हा व्यवहार झाला. चुल्लवग्गाच्या हिशेबाने ती १८९८ सालीही दिली गेली नव्हती. स्तूपात ती ज्यांनी ठेवली, त्यांनी ती परत घेण्यासाठी ठेवली नव्हती.

आपल्या घराशी आणि विहाराशी या चर्चेचा संबंध काय, असे कोणी विचारील. मराठवाड्यातील अनेक विहारांत थायलंड, म्यानमार, श्रीलंका येथील उपासकांनी दिलेल्या मूर्ती आहेत. स्वतः बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तेव्हापासूनची ही परंपरा आहे. या मूर्ती पूजेच्या आहेत आणि त्या संग्रहालयात जाऊ नयेत, असेच माझे मत आहे. वंदना जिथे होते तिथेच त्या जिवंत राहतात. मात्र कोणती मूर्ती कोणी, केव्हा, कोणत्या देशातून दिली याची लेखी नोंद किती विहारांत मिळेल? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ३६ विहाराची जमीन व इमारत परवानगीशिवाय विकू देत नाही. त्या कलमाचे संरक्षण आतल्या मूर्तीला नाही, कारण ती स्थावर नाही. विनयाने मडक्याला दिलेले संरक्षण आपण मूर्तीला ठरावाने द्यावे लागेल.

बाबासाहेबांच्या वापरातील वस्तूंचा अनुभवही यासंदर्भात बोलका आहे. नागपूरजवळ चिचोली येथे वामनराव गोडबोले यांनी जपलेल्या वस्तू आहेत; पुण्यात सिम्बायोसिसच्या १९९६ साली उघडलेल्या स्मारकात माईसाहेब आंबेडकरांनी दिलेल्या वस्तू आहेत. ज्यांनी दिल्या, जपल्या त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु लोकरीच्या कोटाला कसर लागते, कागद ठिसूळ होतो. श्रद्धा त्याला अडवू शकत नाही. त्याला कोरडी हवा, बंद काच, शिकलेला माणूस आणि दरवर्षीची रक्कम लागते. अक्षयनीवी म्हणतात ती हीच.

आणि शेतात, पांढरीवर, विहिरीच्या खोदकामात आजही वस्तू निघतात. १९७२ चा पुरावस्तूंविषयीचा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षांहून जुन्या दगडी, धातूच्या, हस्तिदंती आणि मातीच्या मूर्ती घरात असल्यास त्यांची नोंदणी करावी लागते. त्याहून कितीतरी जुना १८७८ चा निखात निधीचा कायदा सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्यास सांगतो. त्या कायद्यात एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ठेवा वाटला गेला आणि दोघांत वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडविणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचे. परकीय सरकारने महसुलाच्या हिशेबाने केलेल्या कायद्यातही सापडविणाऱ्याला मालकाच्या तिप्पट वाटा आहे. गेवराईपासून केजपर्यंतच्या आपल्या विहारांनी एक साधी वही ठेवावी : वस्तूचे छायाचित्र, गाव आणि गट क्रमांक, सापडल्याचा दिवस, आणि सापडविणाऱ्याचे पूर्ण नाव. पुढे ती वस्तू पैठणला जावो, तेरला जावो, की छत्रपती संभाजीनगरला. तिच्याबरोबर त्या पानाची प्रत दानपत्राला जोडलेली असावी.